रात्रीच्या फवारणीसाठी मिनी ट्रॅक्टरवर लाईट कोणती लावायची आणि कुठं?

निफाड_बागायतदार

नमस्कार मंडळी. द्राक्षाची बाग आहे, अर्धी वाय वर (वाय आकाराच्या अँगलवर) आणि अर्धी जुन्या मांडवावर. ट्रॅक्टर २४ एचपीचा फोर व्हील मिनी, मागं ६०० लिटरचा ट्रेलिंग ब्लोअर, म्हणजे ओढत न्यायचं पंख्याचं फवारणी यंत्र. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंग्यापासून (कोंब फुटण्यापासून) मणी सेटिंगपर्यंत डाऊनी या बुरशीरोगाची धाकधूक असते हे इथं सगळ्यांना माहितीये. आता पावसाचा काही नेम राहिला नाही, दुपारी चारला सर पडून जाते, मग सरीत ट्रॅक्टर घालण्याइतकी जमीन आवळेपर्यंत दिवस बुडतो आणि औषध तर त्याच रात्री गेलं पाहिजे, सकाळपर्यंत थांबलं की पानामागं पांढरं दिसायला लागतं. म्हणजे रात्री ब्लोअर मारणं ही आता दर सीझनची गोष्ट झालीये.

अडचण अशी की कंपनीचे हेडलाईट पुढं बरे दिसतात पण बाजूला आणि मागं काहीच दिसत नाही. मडगार्डवर एक छोटा प्लाऊ लॅम्प आहे, पिवळा बल्ब, त्याचा उजेड ब्लोअरच्या टाकीवरच अडतो. कुठला नोझल चोकअप झालाय ते दिसत नाही, सकाळी बागेत गेल्यावर कळतं की एका बाजूला औषधच बसलं नाही. सरीच्या टोकाला वळताना पण मांडव ताणून धरणाऱ्या ताणाच्या तारा दिसत नाहीत.

दुकानदार म्हणतो १२० वॅटचा मोठा एलईडी बार घ्या, वर रोल बारवर टाका, दिवस उगवल्यासारखं होईल. पण मांडवात वर काही बसवलं की काड्या नि तारा अडकणार, आणि एवढा लोड मिनीची बॅटरी झेलणार का हा प्रश्न. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा, किती वॅटच्या घ्यायच्या, कुठं लावायच्या, वायर कुठून काढायची.

तासगाव_सोनाका

दादा तो बार घेऊ नका, आधी हे सांगतो मग कारण सांगतो. ब्लोअर चालू असताना हवेत बारीक थेंबाचा ढग असतो, वारं जरा जरी मागून आलं तरी तो ढग तुमच्या अंगावरून पुढं सरकतो. तुमच्या डोक्यावर किंवा डोळ्याजवळ जोरदार पांढरी लाईट असेल तर तो सगळा उजेड थेंबावरून उलटा डोळ्यात येतो, पुढं नुसती पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर जे होतं तेच. जितके वॅट जास्त तितकी भिंत दाट. म्हणून लाईट डोळ्यापासून लांब आणि खाली पाहिजे.

माझ्याकडं असं आहे. पुढं बंपरवर दोन बाजूला दोन छोट्या लाईट, फ्लडवाल्या (रुंद पसरणाऱ्या उजेडाच्या), तोंड जरा बाहेर वळवून, म्हणजे खोडाचा बुंधा आणि ठिबकची नळी दोन्ही दिसतात. मांडवात ह्या उंचीला काही अडकत नाही. मागं मडगार्डच्या आतल्या बाजूला एक, तिचं तोंड खाली पीटीओ शाफ्ट (इंजिनची ताकद ब्लोअरला देणारा फिरता दांडा) आणि हुककडं. आणि सगळ्यात कामाची म्हणजे खुद्द ब्लोअरवर बसवलेली. फॅनच्या गोल चौकटीच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूला एकेक लहान लाईट, तोंड नोझलच्या फवाऱ्याला आडवं. पलीकडून उजेड पडला की फवारा चमकतो, सीटवरून मान वळवली की प्रत्येक नोझलचा फवारा वेगळा दिसतो आणि जिथं चोकअप असेल तिथं सरळ काळी फट दिसते. त्याच लाईटचा उजेड ट्रॅक्टरवरून मागं टाकला तर हे दिसत नाही, सगळा फवारा एकसारखा पांढरा दिसतो. एवढी एक गोष्ट केली तरी तुमचं निम्मं काम होतंय बघा. फक्त ती लाईट थेट तुमच्या डोळ्यात येणार नाही अशी तिरकी बसवा, पत्र्याची एक छोटी टोपी केली की झालं.

वाय मध्ये वर एखादी लावली तर चालते, मांडवात विषयच नाही.

आणि ताणाच्या तारांसाठी लाईट वाढवू नका, रेडियम पट्टी घ्या. प्रत्येक सरीच्या टोकाच्या अँगलला आणि ताणाच्या तारेला हाताच्या उंचीवर एकेक तुकडा गुंडाळा. साध्या हेडलाईटमध्ये लांबून चमकतं, वळायचं कुठून हे आधीच कळतं.

वायरिंगवाला_संगमनेर

ट्रॅक्टरची वायरिंग हाच माझा धंदा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बॉक्सवर लिहिलेल्या वॅटवर जाऊ नका. बाजारात ७२ वॅट लिहिलेली लाईट आणून मीटर लावला की दीड अँपिअर ओढते, म्हणजे बारा साडेबारा व्होल्टला ती जेमतेम १८-१९ वॅटची निघते. दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून अँपिअर बघा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खरे वॅट. दुसरं, ९ किंवा १० ते ३० व्होल्ट अशी रेंज लिहिलेली घ्या, त्यात ड्रायव्हर सर्किट असतं, व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी उजेड तेवढाच राहतो. नुसत्या रेझिस्टरवाल्या स्वस्त लाईट रेस कमी झाली की मंदावतात नि जास्त झाली की उडतात.

आता लोडचं गणित. हेडलाईटचे हॅलोजन डिपरला ५५-५५ वॅट, म्हणजे दोन्ही मिळून साधारण ८-९ अँपिअर तिथंच गेले. टेल, मीटरचे बल्ब वगैरे धरून १०-११ समजा. वर तासगावच्या दादांनी सांगितलेल्या लाईट मोजल्या तर पाच होतात, त्या खऱ्या १५-१५ वॅटच्या घेतल्या तर ७५ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. सगळं मिळून १७ च्या आत. तुमच्या अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करतो त्याच्या) पाटीवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून सांगा. पण लक्षात ठेवा, पाटीवरचा आकडा पूर्ण रेसवरचा असतो, स्लोला अल्टरनेटर त्यातलं बरंच कमी देतो. ब्लोअर चालू असताना पीटीओ ५४० आरपीएमला असतो म्हणजे रेस असतेच, तेव्हा काळजी नाही. प्रश्न येतो तो टाकी भरताना, इंजिन स्लोला किंवा बंद आणि लाईटी सगळ्या चालू. तेव्हा लागेल तेवढीच एक चालू ठेवायची. जुना डायनामोवाला ट्रॅक्टर असेल तर हे गणित पुन्हा मांडायला लागतं, त्याला एवढा लोड झेपेलच असं नाही.

वायरिंग. हेडलाईटच्या स्विचवरून किंवा प्लाऊ लॅम्पच्या वायरवरून टॅपिंग अजिबात मारू नका. ती वायर नि तो स्विच एका बल्बपुरता असतो, वरून लोड टाकला की स्विच वितळतो आणि सोबत हेडलाईटपण जातात, ऐन अंधारात. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी लाईन काढा. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, १० अँपिअरचा. तिथून रिले (छोट्या करंटनं मोठा लोड चालू करणारा स्विच), चार पिनचा १२ व्होल्टचा ३०-४० अँपिअरवाला मिळतो. ३० नंबरला बॅटरीकडून आलेली फ्यूजची वायर, ८७ वरून लाईटला, ८५ अर्थ, ८६ ला स्विचमधून येणारा करंट. स्विचचा करंट चावीनंतरच्या लाईनवरून घ्या म्हणजे चावी काढली की लाईटी आपोआप बंद, रात्रभर चालू राहून सकाळी बॅटरी डेड असा प्रकार होत नाही.

वायरची जाडी हा लोकं सगळ्यात जास्त कंजूषी करतात असा भाग. मागच्या ब्लोअरपर्यंत जायला ४ मीटर धरा, जाऊन येऊन ८ मीटर. ७ अँपिअर जर ०.५ स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीतून नेले तर दोन व्होल्ट वायरीतच खलास, १.५ स्क्वेअरला पाऊण व्होल्टच्या आसपास, २.५ ला अर्ध्याच्या आत. म्हणून मेन लाईन २.५ घ्या, प्रत्येक लाईटची फांदी १ किंवा १.५ चालेल. अर्थ चेसीवर नुसता टेकवू नका, रंग खरवडून, लग मारून, बोल्टखाली घट्ट, वर ग्रीस. ब्लोअरला तर अर्थची वेगळी वायरच न्या, हुकच्या पिनवरून अर्थ मिळेल या भरवशावर राहिलं की लाईट लुकलुकते.

निफाड_बागायतदार

दोघांचे खूप आभार, एवढं नीट कुणी सांगत नाही. दादा पाटीवर १२ व्होल्ट ३६ अँपिअर लिहिलंय. मीटर आहे माझ्याकडं, आत्ताच बघून आलो, इंजिन बंद असताना १२.५ आणि रेसवर हेडलाईट लावून १३.९ दाखवतो. चालेल ना?

ब्लोअर काढायला घालायला लागतो, कधी रोटर (रोटाव्हेटर) जोडायचा असतो, मग मागच्या लाईटची वायर कशी करायची?

वायरिंगवाला_संगमनेर

१३.९ म्हणजे चार्जिंग एकदम व्यवस्थित. नवीन लाईटी बसवल्यावर सगळं चालू करून, ब्लोअर चालतो त्याच रेसवर परत मोजा, १३.२ च्या खाली जायला नको. गेलं तर बेल्ट ढिला आहे का ते आधी बघा.

ब्लोअरसाठी ट्रॉलीला असतो तसा ७ पिनचा सॉकेट मागं बसवा, झाकणवाला. ब्लोअरच्या बाजूला प्लग. वायर पीटीओ शाफ्टच्या वरून लोंबकळत नेऊ नका, बाजूच्या ड्रॉबारच्या अंगानं क्लिप मारत न्या आणि वळताना ताण पडणार नाही एवढी ढील ठेवा. जास्त ढील ठेवली तर ती शाफ्टमध्ये गुंडाळते आणि सॉकेटसकट ओढून नेते.

आणि औषधाचं. मोरचूद चुना (बोर्डो मिश्रण) मारणाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर लाईट जळत नाही, सडते. बोर्डोचं पाणी ॲल्युमिनियमच्या बॉडीला आणि पितळी पिनांना खातं, गंधक पण तसंच. पीळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड एक सीझन काढत नाही. सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा नाहीतर रबर सीलवाला कपलर वापरा, आत पेट्रोलियम जेली. फवारणी झाली की लाईटी साध्या पाण्यानं धुवायच्या, पण प्रेशर गन तोंडावर मारायची नाही. आयपी ६७ म्हणजे पाण्यात बुडवली तरी चालते, प्रेशरचा झोत चालतो असं नाही, त्याला आयपी ६९के लागतं.

सांगोला_डाळिंब

एक मुद्दा राहिला. पांढऱ्याशुभ्र ६००० केल्विनच्या लाईटवर पाखरं नि चिलटं फार येतात, ती ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या तोंडावर, मास्कवर, चष्म्यावर. आमच्याकडं आम्ही पिवळसर ३००० केल्विनच्या लावल्या, किडे येतात पण बरेच कमी, शिवाय फवाऱ्यात आणि धुक्यात डोळ्याला त्रास कमी होतो. नोझलवरची मात्र पांढरी ठेवा, तिथं बारीक दिसायला पांढरीच बरी.

आम्ही रात्रीच मारतो त्याचं कारण वेगळं आहे. फुलोऱ्यात दिवसा मधमाश्या बागेत असतात, सेटिंग त्यांच्याच जिवावर, कीटकनाशक घ्यायची वेळच आली तर त्या पेटीत परतल्यावर, अंधार पडल्यावर. फक्त फार उशीर करू नका, मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की ओल्या पानावरून औषध ओघळतं, आम्ही साडेसात ते दहा साडेदहा एवढ्यात उरकतो. द्राक्षवाल्यांना तर पान जास्त वेळ ओलं राहिलेलं परवडतच नाही.

तासगाव_सोनाका

बरोबर आहे दादा, पावसानंतरची इमर्जन्सी सोडली तर आम्ही पण दहाच्या आत. आणि मिक्सिंग दिवसाउजेडीच करून ठेवायचं जमलं तर बघा, निदान पाकिटं मोजून, कुठल्या टाकीला काय ते वेगळं करून. अंधारात मोबाईल तोंडात धरून लेबल वाचणं बंद करा सगळ्यांनी, औषध अंगावर सांडतं. डोक्याला बांधायची बॅटरी मिळते, ती टाकीवाल्याला द्या.

शिवारातली_जुन्नर

मी जुन्नर तालुक्यातली, बाग मीच बघते, ट्रॅक्टरही बऱ्याचदा मीच चालवते. आमच्याकडे रात्री बागेत जायचं म्हणजे आधी बिबट्याचा विचार. उसाला लागून बाग, उसात त्याचा मुक्काम. वर सगळ्यांनी कामापुरत्या लाईट सांगितल्या त्या बरोबरच आहेत, पण माझं म्हणणं असं की ट्रॅक्टर थांबतो तेव्हा आजूबाजूला काय आहे हे दिसणारी लाईट वेगळी पाहिजे. माझ्याकडे दोन्ही मडगार्डच्या बाहेरच्या अंगाला एकेक रुंद फ्लड आहे, वेगळ्या स्विचवर. फवारणी चालू असताना ती बंद. नोझल साफ करायला किंवा टाकी भरायला उतरायचं असेल तेव्हा आधी ती लावायची, इंजिन चालू ठेवायचं, दोन्ही बाजूला नीट बघायचं, मगच पाय खाली. नोझलशी वाकून काम करताना पाठ उसाकडे करायची नाही. एकट्याने तर जायचंच नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. घोणस पण याच दिवसांत सरीत असते, गमबूट घाला.

आणि एक कळकळीने सांगते. रात्री नोझल चोकअप दिसला की लोक पीटीओ न काढता उतरतात, लगेच साफ करून येतो म्हणून. शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर अर्ध्या ट्रॅक्टरवर फुटलेलं असतं. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, ओढणी, उपरण्याचं टोक, रेनकोटची नाडी, काहीही अडकलं की हात मागे घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. निफाडच्या भाऊंनी मागची लाईट शाफ्टवर पाडायची ठरवली तर फार चांगलं, पण दिसतंय म्हणून जवळ जायचं असं होऊ देऊ नका. पीटीओ काढा, शाफ्ट थांबलेला डोळ्यांनी बघा, मग हात लावा. आमच्या गड्यांना मी हाच नियम घालून दिलाय आणि कव्हर नसेल तर ब्लोअर जोडूच देत नाही.

निफाड_बागायतदार

ताई आमच्याकडंही गोदाकाठाला बिबट्या आहेच, हा वेगळ्या स्विचचा विचार डोक्यात नव्हता आला. आता बाजूच्या दोन धरून दोन स्विच करतो, एक फवारणीचा एक उतरायचा. शाफ्टचं कव्हर आमचं पण फुटलंय, उद्याच बदलतो.

वायरिंगवाला_संगमनेर

मग दोन रिले नि दोन फ्यूज करा, एक उडाला तरी दुसरी बाजू चालू राहते. बाजूच्या लाईटी थांबल्यावर लावायच्या आहेत म्हणजे इंजिन स्लोला असणार, तेव्हा हेडलाईट बंद करून टाकायचे, बॅटरीवर ताण येत नाही. स्विच डॅशबोर्डवर रबरी टोपीवाले बसवा, ओल्या हातमोज्यानं दाबायला सोपे जातात.

हातकणंगले_ऊसवाला

बागेतलं सगळं झालं, आता रस्त्याचं बोला की राव. तुमची बाग घराला लागून असेल पण बऱ्याच जणांना डांबरीवरून जावं लागतं. आमच्या भागात गळीत हंगाम चालू झाला की रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, आणि मागं पांढरी वर्क लाईट तशीच चालू ठेवून येणारे पण दिसतात. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला वाटतं समोरून गाडी येतेय, डोळे दिपतात, तो नक्की कुठल्या बाजूनं काढायची या गोंधळात येऊन धडकतो. डांबरी लागायच्या आधी मागच्या नि बाजूच्या पांढऱ्या लाईटी बंद, अगदी न चुकता. मागं लालच दिसला पाहिजे.

ब्लोअरला तर मागं काहीच नसतं, ना टेल लाईट ना रिफ्लेक्टर, वरून टाकीमुळं ट्रॅक्टरची टेल लाईट पण झाकली जाते. ७ पिनचा सॉकेट बसवताय तर त्यातल्याच उरलेल्या पिनांवर ब्लोअरच्या मागं लाल टेल आणि इंडिकेटर घ्या, खर्च काही नाही. रेडियम पट्टी मागं लाल, बाजूला पिवळी, टाकीच्या पूर्ण रुंदीला, चिखलानं माखली की पुसायची. बंद पडून रस्त्यात उभा राहिला तर लाईट जाईल पण रेडियम दिसेल.

निफाड_बागायतदार

पटलं दादा, आमचा पाऊण किलोमीटर डांबरी आहेच. शेवटचा एक प्रश्न, हेडलाईटमधला हॅलोजन काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब टाकला तर लोड पण वाचेल आणि उजेड पण वाढेल असं एक जण म्हणाला. टाकू का?

वायरिंगवाला_संगमनेर

नका टाकू. हेडलाईटचा आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणं बनवलेला असतो, एलईडीची चिप नेमकी त्या जागी नसली की उजेड फिसकटतो. भिंतीवर मारून बघा, डिपरची सरळ कापलेली रेघ जाते आणि वर सगळीकडं पांढरं पसरतं. बागेत फवाऱ्यात तेच डोळ्यावर येतं आणि डांबरीवर समोरच्याच्या डोळ्यात जातं. त्यापेक्षा आहे तो हॅलोजन ठेवा, होल्डरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर होल्डर बदला, आरशावर धूळ नि औषधाचा थर बसला असेल तर काच काढून साफ करा, फोकस खाली सेट करा. बऱ्याच ट्रॅक्टरला एवढ्यानंच उजेड परत येतो. लोड वाचवायचा असेल तर टेल आणि इंडिकेटरला एलईडी घ्या, पण इंडिकेटरला घेतले की सोबत एलईडीचा फ्लॅशर पण बदलायला लागतो नाहीतर ते भराभर लुकलुकतात.